मानाची पावती

"अडकलं बघा उंबरठाणं," हमालांपैकी कुणीतरी म्हणालं, आणि धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांनी माना वळवल्या. बंद पडलेल्या प्रिंटरकडे नव्हे. एका बाईकडे.

ती जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून दुधाच्या कॅनवर ओली पोती टाकत होती. पन्नाशीची, किडकिडीत, पदर खोचलेला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा. मग माझ्याकडे.

"तुमीच का पुण्याचं नवं इंजिनेर?"

"हो."

"मग येक सांगा. ह्ये यंत्र माणसं वळकतं का?"

"नाही हो," मी हसून म्हणालो. "यंत्राला कुठे माणूस कळतो?"

"मग एकशे सत्तेचाळीस गावं सोडून आमच्यावरच कसं थांबतं?"

मी म्हणालो, "बघतो." डॉक्टर 'काळजी करू नका' म्हणतात, तसं आम्ही 'बघतो' म्हणतो.

याला वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीसचा होतो, एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो आणि त्यातले साडेपाच संपले होते. कंपनीने मला एका तालुका दूध संघात पाठवलं होतं. संघाचा सर्व्हर रोज सकाळी मरत होता. तो दुरुस्त करायचा, संघाच्या अध्यक्षांकडून 'काम समाधानकारक' असा दाखला घ्यायचा आणि परत यायचं. दाखला आणला तर नोकरी पक्की. दाखल्याशिवाय आलो तर काय, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, पण निरोप देताना त्यांनी माझं ओळखपत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं होतं.

ती बाई म्हणजे कलावती हुजरे. घाटातल्या शेवटच्या गावातल्या, उंबरठाण्यातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. तालुका तिला अक्का म्हणायचा. सर्व्हर मेला की पावती निघत नसे, आणि संगणकाच्या पावतीशिवाय दूध उतरवायचं नाही असा संघाचा नियम होता. त्यामुळे उंबरठाण्याचं दूध एप्रिलच्या उन्हात उभं राही आणि ज्या दिवशी बर्फ मिळाला नसेल त्या दिवशी बाराच्या सुमाराला आंबट झालं म्हणून परत जाई. महिन्यात सात वेळा दूध परत गेलं की त्या गावचं केंद्र कायमचं बंद, असाही एक नियम होता. मी पोचलो त्या सोमवारी पाचवी वेळ भरली. शनिवारी महिना संपत होता.

"सर, सर्व्हर दक्षिणमुखी आहे," शिरगुप्पे मला म्हणाले. "माझा पहिल्यापासून तोच संशय आहे."

शिरगुप्पे हे संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख आणि एकमेव सदस्य. पावतीची खिडकीही तेच सांभाळत. सर्व्हरच्या कपाटाला त्यांनी लिंबू-मिरची बांधली होती आणि कपाटाच्या आत, पंख्याच्या अगदी तोंडाशी, उदबत्तीचं घर ठेवलं होतं.

"उदबत्ती आत लावता?"

"बाहेर लावली तर वास आत जात नाही सर."

"आणि बंद पडला की लगेच पुन्हा चालू का करत नाही? दहा मिनिटांचं काम आहे."

शिरगुप्प्यांनी ड्रॉवरमधून एक लांबलचक रजिस्टर काढलं. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : सर्व्हर बंद-चालू नोंदवही. "एकदा कुणीतरी मधेच बटण दाबलं, दोन गावांच्या नोंदी उडाल्या. तेव्हापासून अध्यक्षांची, बापूसाहेबांची सही लागते. संध्याकाळच्या बंदला कायमस्वरूपी सही आहे. दिवसाच्या बंदला ताजी लागते."

"बापूसाहेब येतात कधी?"

"पूजा आटोपली की. साडेअकरा."

म्हणजे पावणेदहाला यंत्र मरायचं आणि साडेअकरापर्यंत सहीची वाट बघत पडून राहायचं. तोवर दूध आपलं आपण निर्णय घ्यायचं.

"आणि प्रोग्राममध्ये काही बदल करायचा असेल तर?"

शिरगुप्प्यांनी दुसरं रजिस्टर काढलं.

दोन दिवस मी सर्व्हरसमोर बसलो. मेमरी भरपूर होती, डिस्क रिकामी होती, प्रोसेसर जांभया देत होता. आजार कुठेच दिसत नव्हता आणि रोगी रोज पावणेदहाला दगावत होता. बुधवारी मला टास्क मॅनेजरमधला एक रकाना उघडायचं सुचलं. एखादा प्रोग्राम पडद्यावर किंवा कागदावर चित्र काढायला घेतो, तेव्हा प्रत्येक चित्रामागे ऑपरेटिंग सिस्टीमकडून एक हँडल उसनं घेतो. लग्नघरी वाढप्याला पातेली देतात तसं. काम झालं की परत द्यायचं. परत दिलंच नाही तर यंत्रणा एका प्रोग्रामला दहा हजारांपर्यंत देते, आणि मग हात वर करते.

शिरगुप्प्यांनी एका गावाची पावती छापली. रकान्यातला आकडा सतराने वाढला. दुसरी छापली. पुन्हा सतरा. कमी होईना.

"शिरगुप्पे, या पावतीवर सतरा काय आहे?"

त्यांनी पावती माझ्यासमोर धरली. वर कडेला काळ्या ठिपक्यांची एक रांग होती. मला वाटलं होतं प्रिंटरची रिबन खराब आहे.

"संचालक मंडळ," ते म्हणाले.

मी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मोहरीएवढे सतरा ठिपके.

"यातले बापूसाहेब कोणते?"

"पहिले. जरा मोठे आहेत बघा."

तर असं होतं. प्रत्येक पावती छापताना प्रोग्राम सतरा संचालकांचे फोटो उघडत होता, आणि एकदा उघडलेला फोटो सोडत नव्हता. ज्याने कुणी तो लिहिला होता त्याने सोडण्याची ओळच लिहिली नव्हती.

आता हिशेब सोपा होता. दहा हजार हँडलं, पावतीला सतरा या दराने, पाचशे अठ्ठ्याऐंशी पावत्यांना पुरतात. गावं एकशे अठ्ठेचाळीस.

"एका गावाला किती पावत्या?"

"चार," शिरगुप्पे म्हणाले. "गायीची, म्हशीची आणि मानाच्या दोन."

"मानाच्या म्हणजे?"

हा इतिहास त्यांनी आदराने सांगितला. काही वर्षांपूर्वी एका गावच्या संस्थाध्यक्षाने वार्षिक सभेत विचारलं होतं, दुधाला पावती मिळते, मग मला का नाही? दूध महत्त्वाचं की माणूस? सभेत टाळ्या पडल्या. ठराव झाला. तेव्हापासून प्रत्येक संस्थेच्या अध्यक्षाच्या नावाने रोज एक मानाची पावती निघे. दूध : शून्य लिटर. खाली 'संघ आपला आभारी आहे'. पुढच्या वर्षी सचिव रुसले. त्यांनाही एक.

"म्हणजे रोज निम्म्या पावत्या शून्य लिटरच्या?"

"निम्म्या दुधाच्या आहेत सर," शिरगुप्प्यांनी दुरुस्ती केली.

एकशे अठ्ठेचाळीस चोक पाचशे ब्याण्णव. पुरणार पाचशे अठ्ठ्याऐंशी. चार पावत्यांची तूट, म्हणजे बरोबर एक गाव. आणि गाड्या फाटकातून आत सोडत त्या रूट नंबरप्रमाणे. उंबरठाण्याचा नंबर एकशे अठ्ठेचाळीस.

"आधी सतरा होते का हो फोटो?"

"आधी सोळा. मागल्या निवडणुकीनंतर बापूसाहेबांचे मेहुणे आले मंडळावर. स्वीकृत."

सोळा फोटोंनी सगळ्या पावत्या सुखाने निघत होत्या. मी कागदावर दोनदा करून बघितलं. सतराव्या ठिपक्याने उंबरठाण्याचं दूध नासत होतं.

"त्याच निवडणुकीत," शिरगुप्पे आवाज खाली आणून म्हणाले, "उंबरठाण्यानं समोरच्या पॅनेलला मतं दिली. सगळीच्या सगळी. तेव्हापासून यंत्र थांबतंय. आता लोक काय म्हणणार?"

लोक काय म्हणत होते ते मी धक्क्यावर ऐकलंच होतं.

गुरुवारी दूध सहाव्यांदा परत गेलं. अक्कांनी वहीत एक उभी रेघ ओढली आणि जीप वळवायला सांगितली. गावात साठ बायका होत्या, घाटातलं गाव, दुसऱ्या कुठल्या डेअरीची गाडी तिथपर्यंत चढत नव्हती. केंद्र गेलं तर त्यांच्या म्हशी होत्या आणि त्या होत्या.

त्याच दुपारी मी बापूसाहेबांसमोर उभा राहिलो. सोडण्याची ओळ मी माझ्या लॅपटॉपवर लिहून, तपासून तयार ठेवली होती. फक्त सही हवी होती.

बापूसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली सतरा संचालकांचा एकत्रित फोटो, रंगीत.

"म्हणजे माझ्या फोटोमुळं यंत्र बंद पडतंय?"

"तुमच्या नाही साहेब. सतराव्या."

"त्यो काढला तर?"

"तर आजच चालेल. पण काढायची गरज नाही. छापून झाला की सोडायचा, एवढंच."

"काढायचा नाहीच हो. मला संध्याकाळी घरी जेवायला जायचं असतं." ते हसले. मग शिरगुप्प्यांना म्हणाले, "चहा सांगा." शिरगुप्पे गेले. दार लागलं.

"बसा इंजिनेर. चांगलं डोकं आहे तुमचं. आता माझं ऐका. आठ महिने त्या गावाला वाटतंय की बापूसाहेबांनी मशीन लावून दिलंय आपल्यामागं. मी काही केलं का? तुम्हीच सांगा, तुम्ही तपासलंय."

"नाही साहेब."

"एक शब्द बोललो नाही. बरं, मी आजवर किती पैलवान पाळले, किती जेवणावळी घातल्या, उंबरठाणं काही वाकलं नव्हतं. आणि एका फोटोनं वाकलं. रविवारी महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झालं की उंबरठाण्याचे कारभारी आपल्या गटात येतायत. हार सांगून ठेवलेत."

"पण साहेब, शनिवारी सातवी वेळ भरली तर केंद्र बंद होईल."

"होऊ दे की. रविवारी मीच परत देणार." त्यांनी समजूत घातल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "नुसतं दूध घेतलं तर कोण आभार मानतंय? बंद पडलेलं केंद्र चालू करून दिलं तर पिढ्या नाव घेतात."

"आणि अक्का?"

"त्या नाही येणार. त्या आल्या नाहीत तर केंद्र दुसऱ्याच्या नावानं देऊ. सोमवारी तुमची ती ओळ घाला, तुमचा दाखला घ्या, दुपारच्या एसटीनं पुण्याला जा. आहे काय त्यात?"

चहा आला. मी प्यालो. त्या चहाला वेलदोडा होता, हे मला अजून आठवतं, कारण मी बाकी काहीच बोललो नाही.

शुक्रवारी अक्कांनी बर्फाच्या लाद्यांवर कॅन ठेवून निभावून नेलं. दूध बारा वाजता उतरलं तेव्हा फॅक्टरीतला केमिस्टसुद्धा बाहेर येऊन बघून गेला. मी फाटकाजवळच्या टपरीपाशी उभा होतो. त्या समोर येऊन थांबल्या.

"उद्या बरफ न्हाई. लग्नाची तिथ हाय, कारखान्याचा समदा बरफ मांडवात गेलाय." मग म्हणाल्या, "तुमी सोमवारी बघतो म्हनला हुता. बघितलं का?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. फोटो, सतरा, दहा हजार, पाचशे अठ्ठ्याऐंशी. बापूसाहेब आणि सोमवार तेवढं गाळलं. दुरुस्तीला सही लागते आणि ती रविवारनंतर होईल, एवढंच म्हणालो. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. एखाद्याला त्याच्या आजाराचं नाव सांगून आपण मोकळं व्हावं, तसं होतं ते.

अक्कांनी कमरेची वही काढली. मग म्हणाल्या, "म्हंजे आमच्यावर राग न्हाई त्येचा?"

"नाही. तुमचा नंबर शेवटचा, एवढंच."

"ह्ये गावात सांगू नगा."

"का?"

"आठ म्हयनं साठ बायका रागावर दूध घालत्यात. बापूसाहेब आपल्याला भितोय म्हनून यंत्र लावलंय, आसं वाटतंय त्यास्नी. गड्यांनी हात टेकलं, कारभारी हार घालून घ्यायला निघालं, तरी बाया हटल्या न्हाईत. उद्या म्हनालो चुकून झालं, तर हातपाय गळतील त्यांचं." त्यांनी वही उघडली. "आता परत सांगा. किती पावत्या जास्ती हुत्यात?"

"चार."

"मग चार कमी झाल्या तर?"

 पाच दिवस मी सर्व्हरसमोर बसलो होतो आणि हा विचार मला शिवला नव्हता. मी इंजिनिअर होतो. मला वाटत होतं बिघाड यंत्रातच दुरुस्त करायचा असतो.

"कमी झाल्या तर चालेल," मी म्हणालो. "पण सगळ्या मिळून चार. मानाच्या सोडल्या तर..."

"आमच्या दोन मी सोडते. माझी न् आमच्या सचिवाची. सून हाय माझी, काय बोलत न्हाई. ऱ्हायल्या दोन."

टपरीवर सात-आठ संस्थांचे अध्यक्ष चहा पीत बसले होते. अक्का सरळ त्यांच्यापाशी गेल्या. मी ऐकत होतो.

"दोन पावत्या हव्यात मला. उद्याच्या दिसापुरत्या. मानाच्या. शून्य लिटरच्या."

"घेऊन काय करणार अक्का?"

"घेत न्हाई. तुमी घेऊ नगा, येवढंच. माझं दूध उतरंल."

एकाने मान डोलावली. "दूध म्हणाल तर दहा लिटर आत्ता देतो अक्का. पण पावती... भावकी बसलीय टपून. एक दिवस पावती न्हाई दिसली तर म्हणतील ह्याची खुर्ची गेली."

दुसरा म्हणाला, "मी सोडली असती. पण आमच्या पावत्या फ्रेममधी लावतोय आमी. महिन्याची एक फ्रेम. मधी भोक पडंल."

 तिसऱ्याने खिशातली पावती हात लावून आहे का ते पाहिलं.

"तुमी पन मागून बघा की," टपरीवाला मला म्हणाला. "शिकलेला माणूस."

मी मागितली नाही. अक्कांनी ड्रायव्हरला जीप कासारशेतावरून घ्यायला सांगितली.

शनिवारी मी सात वाजताच खिडकीच्या आत शिरगुप्प्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात तो रकाना उघडा ठेवला. आकडा सतरा-सतराने चढत होता. शिरगुप्प्यांना मी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी उदबत्ती कपाटाबाहेर लावली होती.

साडेआठला कासारशेताचा टेम्पो लागला. ही महिला संस्था. तिथले भीमराव गावडे रोज खिडकीशी येत, मानाची पावती घेत, घडी करत आणि वरच्या खिशात ठेवत. त्या दिवशीही आले. गायीची निघाली. म्हशीची निघाली. भीमरावांनी हात पुढे केला.

"मानाची नगं," मागून आवाज आला.

टेम्पोच्या पुढच्या बाजूने एक बाई उतरली होती. हिरवं लुगडं, कपाळावर घाम. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शिरगुप्प्यांनीही नव्हतं.

"अगं ए, तू कशाला आलीस हितं?" भीमराव म्हणाले.

"मानाची पावती नगं, साहेब. दुधाच्या दोन झाल्या, सचिवाची त्येची त्येला द्या."

"खुळी का काय! साहेब, तिकडं लक्ष देऊ नका. काढा पावती."

शिरगुप्प्यांचं बोट बटणावर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अध्यक्ष कोण हाय?" बाईने विचारलं.

शिरगुप्प्यांनी रजिस्टर उघडलं आणि चष्मा वर करून वाचलं, "सौभाग्यवती शालन भीमराव गावडे."

"ती मी. मग मला मान नगं."

"सर," शिरगुप्पे माझ्या कानाशी कुजबुजले, "नियमात मान घेण्याची तरतूद आहे. न घेण्याची नाही."

"घेतलाच पाहिजे असं लिहिलंय का?"

त्यांनी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "नाही," ते म्हणाले आणि बटणावरून बोट उचललं.

भीमरावांचा हात तसाच पुढे होता. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा त्यांनी त्या हाताने टोपी नीट केली.

एक झाली. अजून एक हवी होती. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. एकामागून एक अध्यक्ष येत होते, मान घेत होते. टपरीवरचे सगळे येऊन गेले. माझं लक्ष फाटकाकडे. गाड्यांच्या रांगेच्या शेवटाला ती जीप दिसत होती आणि अक्का तिच्यावर उभ्या होत्या. कॅनवर पोती नव्हती, कोणाच्या तरी ओल्या साड्या होत्या.

साडेनऊला पिंपळमाळ. तीही महिला संस्था, तिथले मगदूम मात्र हुशार. कासारशेताची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते एकटेच आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आधी मानाची काढा. दुधाचं मागनं बघू."

"क्रम ठरलेला आहे," शिरगुप्पे म्हणाले. पण क्रमाने दोन पावत्या निघायला किती वेळ लागतो? गायीची निघाली. म्हशीची निघाली. मगदुमांनी खिडकीतून हात कोपरापर्यंत आत घातला.

आणि शिरगुप्पे थांबले. म्हणाले, "अध्यक्षांची सही लागेल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. असा कुठलाही नियम नव्हता.

"कसली सही? रोज मी नेतो की!"

"रोज चुकत होतं. हौसाबाई मगदूम कुठायत? त्यांनी इथं यायचं, रजिस्टरला सही करायची, मग मान. तोपर्यंत पावती प्रलंबित." त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरं रजिस्टर काढलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं : मान नोंदवही. "पुढची गाडी!"

हौसाबाई पाच कोसांवर म्हशी धूत असणार. मगदूम ओरडले, टेबलावर हात आपटला, बापूसाहेबांचं नाव काढलं. बापूसाहेब पूजेत होते.

पावणेदहाला उंबरठाण्याची जीप लागली. पडद्यावर नऊ हजार नऊशे बासष्ट. गायीची पावती निघाली. नऊ हजार नऊशे एकोणऐंशी. शिरगुप्प्यांनी खिशातून रुमाल काढून बोट पुसलं आणि बटण दाबलं. प्रिंटर थबकला, मग करकरत म्हशीची पावती बाहेर आली. नऊ हजार नऊशे शहाण्णव. त्यापुढे चार उरले होते, आणि चारांत संचालक मंडळ मावत नव्हतं.

"मानाची?" शिरगुप्प्यांनी विचारलं. विचारणं त्यांचं कर्तव्य होतं.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या.

हमालांनी कॅन उतरवले. केमिस्टने नमुना घेतला, मान हलवली. अक्कांनी वहीतल्या सहा रेघांवर एक आडवी रेघ ओढली आणि वही कमरेला खोचली.

साडेअकराला बापूसाहेब आले. टेबलावर बंद-चालू नोंदवही नव्हती. त्यांनी मला बोलावलं.

"काय केलंत इंजिनेर?"

"काही नाही साहेब. मी यंत्राला हातसुद्धा लावला नाही."

हे खरं होतं, आणि आयुष्यभर मी ते ज्या सुरात सांगत आलोय तेवढं गौरवाचंही नव्हतं.

"मग दूध उतरलं कसं?"

"चार पावत्या कमी निघाल्या. दोन अक्कांनी घेतल्या नाहीत. एक प्रलंबित आहे. आणि एक कासारशेतच्या अध्यक्षीणबाईंनी नको म्हटलं."

"मानाची? नको म्हटलं?"

"हो."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

बापूसाहेब खिडकीशी गेले. खाली टपरीवर गर्दी होती. मधोमध भीमराव गावडे होते आणि लोक त्यांना काहीतरी विचारत होते. आत येताना मी ऐकलं होतं ते. एक म्हातारा अध्यक्ष विचारत होता, "म्हंजे नगं म्हनलं तर चालतंय व्हय?"

बापूसाहेबांच्याही कानावर तेच आलं असावं. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच घाई पाहिली. उंबरठाण्याच्या दुधासाठी ती आठ महिन्यांत आली नव्हती.

"दूध नासलं तर एक गाव नाराज होतं," ते म्हणाले. "पण हे नको म्हणायचं खूळ पसरलं, तर मी उद्या लोकांना देऊ काय?" त्यांनी खिशातून पेन काढलं. "ती तुमची ओळ. किती वेळ लागतो घालायला?"

"दहा मिनिटं."

"शिरगुप्पे! बदलाचं रजिस्टर आणा! आणि ती मान नोंदवही कुणाच्या बापाला विचारून काढली?"

सही झाली. बारा वाजायला दहा कमी असताना मी ती ओळ घातली आणि सर्व्हर चालू केला. बापूसाहेब स्वतः खिडकीत येऊन उभे राहिले. चाचणीसाठी एक पावती छापायची होती.

"इंजिनेरच्या नावानं काढा," ते म्हणाले. "मानाची."

शिरगुप्प्यांनी बटण दाबलं. रकान्यातला आकडा सतराने वर गेला आणि तसाच परत खाली आला. कुणी मुजरा करून मागे सरावं, तसा.

दाखल्यावर बिघाडाचं कारण लिहायचं होतं. मी 'छायाचित्रे' लिहायला गेलो तर शिरगुप्पे म्हणाले, "उष्णता लिहा सर. कुणाला लागत नाही." मी उष्णता लिहिलं. त्याच कारणावर पुढच्या महिन्यात सर्व्हरच्या खोलीला एसी मंजूर झाला. उद्घाटन मेहुण्यांनी केलं.

रविवारी झेंडावंदनाला उंबरठाण्याहून कारभारी आलेच नाहीत. आदल्या रात्री बायकांनी चुली पेटवल्या नव्हत्या म्हणे. शिरगुप्प्यांनी फोनवर सांगितलं की हार शेवटी संचालकांनी एकमेकांना घातले, कारण ते सांगून ठेवलेले होते.

निघण्याआधी मी फाटकाशी अक्कांना म्हटलं होतं, "आता नाही थांबणार कधी. दुरुस्त झालं."

"कंदी?"

"बारा वाजता."

"आमचं पावणेधाला उतरलं," अक्का म्हणाल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली.

माझी नोकरी पक्की झाली. ती मानाची पावती मी बरीच वर्षं पाकिटात ठेवली होती, हल्ली ड्रॉवरमध्ये आहे. परवा काढून बघितली. शाई उडत चाललीय. वरच्या कडेचे सतरा ठिपके सगळे गेले, बापूसाहेबांचा मोठा होता तोही गेला. माझं नाव अर्धवट दिसतं. शून्य लिटर मात्र स्वच्छ वाचता येतं.